रेशनकार्डावर या महिन्याचं धान्य किती बाकी आहे, ते दुकानात न जाता कसं बघायचं?

माळरान

"माल आलाय का, आणि आपल्या कार्डावर किती आहे?" एवढ्यासाठी लोक दुकानाच्या दोन-तीन चकरा मारतात. हे घरबसल्या कळतं. खालची माहिती महाराष्ट्रातल्या शिधापत्रिकांपुरती आहे.

आधी बारा आकडी आरसी नंबर शोधा. कार्डाच्या पुस्तिकेवर छापलेला अनुक्रमांक म्हणजे आरसी नंबर नव्हे, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. आरसी नंबर संगणकातला असतो. बहुतेक कार्डांवर तो दुकानदाराने किंवा कार्यालयाने पेनाने लिहिलेला किंवा शिक्का मारून टाकलेला असतो, पहिल्या पानावर किंवा मागच्या कव्हरच्या आत. तिथे नसेल तर मागच्या महिन्याची ई-पॉसची, म्हणजे दुकानातल्या ठशाच्या मशीनची, पावती काढा, तिच्यावर हमखास सापडेल.

मग ब्राउझरमध्ये महाईपॉस डॉट जीओव्ही डॉट इन उघडा, आरसी डिटेल्स निवडा, महिना आणि वर्ष टाका, बारा आकडे टाका आणि चित्रातली अक्षरं भरून पुढे जा. पासवर्ड लागत नाही, ओटीपी लागत नाही. पान उघडलं की तीन गोष्टी दिसतात: कार्डावरच्या माणसांची यादी, त्या महिन्याचं देय धान्य, आणि झालेली उचल.

बँकेच्या पासबुकासारखा "शिल्लक" असा आयता आकडा शोधत बसू नका. देय वजा उचल, ही वजाबाकी आपणच करायची. प्राधान्य कुटुंबात पाच माणसं असतील तर देय २५ किलो. उचलीत १५ किलो तांदूळ दिसतोय आणि गव्हाचा रकाना रिकामा आहे, म्हणजे १० किलो गहू अजून तुमच्या नावावर आहे.

महिना बदलायला विसरू नका. नव्या महिन्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत रिकामं पान बघून "आमचं कार्ड बंद झालं" म्हणून घाबरणारे पुष्कळ. मागचा महिना निवडून बघा, माणसांची नावं दिसत असतील तर कार्ड जागेवर आहे.

---

दप्तरी

चांगलं लिहिलंय. देय आकडा कुठून येतो ते जोडतो, कारण आकडा बरोबर की चूक हे त्याशिवाय कळणार नाही.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा, महाराष्ट्रात अंमल १ फेब्रुवारी २०१४ पासून. त्यात धान्य मिळणारे दोनच गट. अंत्योदय कुटुंबाला कार्डामागे महिना ३५ किलो, घरात माणसं दोन असोत वा आठ. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. म्हणजे आठ जणांच्या अंत्योदय घराला ३५ आणि आठ जणांच्या प्राधान्य घराला ४०. "आम्ही जास्त गरीब, मग कमी का?" असा प्रश्न येतो, त्याचं उत्तर या हिशेबात आहे, दुकानदाराच्या मनात नाही.

पूर्वी तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो होतं. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षं फुकटच राहील असं केंद्राने ठरवलंय. तेव्हा "गाडीभाडं", "हमाली" म्हणून किलोमागे काही मागितलं तर ते बेकायदा. अंत्योदय कार्डावरची १ किलो साखर मात्र २० रुपयांना आहे, ती फुकट नाही.

गहू आणि तांदळाचं प्रमाण कायद्यात ठरलेलं नाही. माणशी २ किलो गहू आणि ३ किलो तांदूळ हे नेहमीचं, पण नियतन, म्हणजे त्या महिन्यासाठी सरकारने ठरवून दिलेला माल, येईल तसं ते बदलतं. कधी गव्हाऐवजी काही ज्वारी येते. त्यामुळे गहू कमी दिसला म्हणून लगेच तक्रार करू नका. बेरीज बघा. माणशी ५ भरतात का, एवढाच सवाल.

---

कांदेनवमी

आमच्या कार्डाचा रंग केशरी आहे. पानावर देय शून्य दाखवतंय. बारा आकडे बरोबर आहेत, नावंही बरोबर आहेत. मग?

---

दप्तरी

कांदेनवमीताई, रंगावर जाऊ नका. पिवळी, केशरी, पांढरी अशी तीन रंगांची कार्डं १९९९ ची, अन्नसुरक्षेचे गट त्यानंतरचे. केशरी कार्डांतली काही कुटुंबं प्राधान्य गटात घेतली गेली, बाकीची राहिली. घेतलेल्या कार्डांवर पहिल्या पानावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असतो. तुमच्या पानावर कार्डाचा प्रकार काय लिहिलाय ते बघा. प्राधान्य असेल आणि देय शून्य असेल तर गडबड आहे. प्राधान्य नसेल तर शून्य हेच बरोबर.

प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये. पण उत्पन्न बसलं म्हणजे आपोआप नाव लागत नाही, कारण इष्टांक. राज्याला ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के अशी कमाल संख्या ठरवून दिलीय, सगळी मिळून सुमारे ७ कोटी माणसं. तीही २०११ च्या जनगणनेवर. तालुक्याचा इष्टांक भरलेला असेल तर कोणाची तरी नावं कमी झाल्याशिवाय नवीन घेता येत नाहीत. अर्ज मात्र देऊन ठेवा आणि पोच घ्या. नावं कमी होत असतात, आणि जागा निघाली की अर्ज नसलेल्याला कोणी शोधत येत नाही.

---

तराजू

रास्त भाव दुकानाच्या बाजूने लिहितो. लोक म्हणतात, "पानावर २५ किलो दिसतंय आणि तू म्हणतोस माल नाही, खोटं बोलतोस." दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पानावर दिसतो तो तुमचा हक्क. दुकानात माल असतो तो वेगळ्या वाटेने येतो. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून शासकीय गोदामात, तिथून द्वारपोचच्या ट्रकने दुकानात. ट्रक आल्यावर दुकानदाराने मशीनवर माल स्वीकारला की मगच त्याच्या दुकानाच्या नावाने साठा चढतो. पोती डोळ्यांसमोर थप्पीला लागलेली असली आणि मशीनमधला साठा शून्य असला, तर मशीन विक्रीच करू देत नाही. हा खोळंबा कधी काही तासांचा असतो, कधी दोन दिवसांचा.

कधी तांदूळ चढतो आणि गव्हाची गाडी मागे राहते. तेव्हा तांदूळ आत्ता आणि गहू नंतर, असे दोन व्यवहार आणि दोन पावत्या होतात. तांदूळ नेताना "सगळं एकदमच नेतो" म्हणून थांबायचं असेल तर थांबा, पण महिना संपायच्या आत या. आणि तांदळाच्या पावतीवर गहूही उचललेला दाखवलाय का, ते जाग्यावर वाचा.

---

पायताण

तराजूभाऊंचं शेवटचं वाक्य ठळक करून वाचा लोकहो. सगळी गंमत तिथेच आहे.

पावती जरा जवळून बघू. बोटभर रुंदीचा कागद, शाई फिकट. वर दुकानाचा क्रमांक, खाली आरसी नंबर आणि कार्डधारकाचं नाव, तारीख आणि वेळ, पावती क्रमांक. मग वस्तूंच्या ओळी: गहू, तांदूळ, असतील तर साखर किंवा ज्वारी, आणि प्रत्येकापुढे वजन आणि दर. बघायचं ते वजनाच्या रकान्यात. पिशवीत २२ किलो आणि कागदावर २५ असेल तर तीन किलो तिथेच गेलं. कागदावर २५ छापलं गेलं की यंत्रणेच्या दृष्टीने तुमचं खातं पूर्ण झालं, नंतर कितीही सांगा.

"पेपर रोल संपलाय" हे उत्तर आलं तर वाद घालू नका. बाहेर येऊन मोबाइलवर आरसी डिटेल्स उघडा आणि उचलीची ओळ बघा. नेट धड असेल तर व्यवहार थोड्याच वेळात तिथे दिसतो. स्क्रीनशॉट काढून ठेवा. थर्मल कागदाची पावती दोन-तीन महिन्यांत कोरी होते, म्हणून तिचाही फोटो काढा.

दुसरा प्रकार: "ठसा आज देऊन जा, धान्य उद्या." हे कधीच मान्य करू नका. ठसा जुळला आणि पावती निघाली की विक्री झाली. उद्याचा माल ही नुसती तोंडी उधारी.

---

तराजू

पायताण, सगळ्या दुकानदारांना एका दोरीत बांधू नका. पोतं ५० किलोचं म्हणून येतं, पण त्यात रिकाम्या बारदानाचं वजन अर्ध्या किलोच्या वर असतं, हुकने भोकं पडून वाटेत सांडतं ते निराळं. गोदामात पोतं पोतं मोजून देत नाहीत. ती घट कोणाच्या अंगावर पडते? कमिशन क्विंटलमागे रुपयांत, त्यात दुकानभाडं आणि मदतनीसही.

---

पायताण

घट होते हे मान्य. ती ग्राहकाच्या पिशवीतून भरून काढायची, हे अमान्य. द्वारपोच म्हणजे दुकानात वजन करून माल देणं. ट्रकवाल्याकडून मोजून घ्या, कमी भरलं तर चलनावर लिहा. प्रत्येक कार्डामागे किलोभर कापणं हा त्याचा तोडगा होऊ शकत नाही.

ग्राहकाने करायचं एवढंच: काटा आधी शून्यावर आहे का बघायचं. रिकामा डबा किंवा घमेलं ठेवून शून्य केलं नसेल तर भांड्याचं वजनही तुमच्या धान्यात मोजलं जातं. एक घमेलं, चार फेऱ्या, म्हणजे घमेल्याचं वजन चारदा.

---

सेतूवाला

मोबाइलवरच बघायचं असेल तर "मेरा राशन" ॲप आहे. पहिली आवृत्ती मार्च २०२१ ची, आता २.० चालते. जुनं ॲप फोनमध्ये पडून असेल तर काढून टाका, लोक जुन्याच ॲपमध्ये आकडे टाकत बसतात.

नव्यात आधार नंबर टाकून लॉगिन करावं लागतं. ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, रेशनकार्डात नोंदवलेल्या मोबाइलवर नव्हे. निम्मी माणसं इथे अडकतात. आधारला जुना, बंद पडलेला नंबर असेल तर ॲपचा नाद सोडा, वर माळरानने सांगितलेलं पान वापरा, त्याला ओटीपीच लागत नाही. आत गेल्यावर घरातल्या माणसांची यादी, देय धान्य, झालेल्या व्यवहारांच्या पावत्या आणि जवळची दुकानं दिसतात.

ॲपमध्ये कार्ड परत करण्याचीही सोय आहे. पोरांच्या हातात फोन देऊन "बघ रे काय काय आहे" म्हणू नका, एवढंच.

पान उघडत नाही याची कारणं बहुधा साधी असतात. मराठी कळफलकावरून आकडे टाकले तर साइट घेत नाही, इंग्रजी आकडे टाका. नंबर दुसरीकडून चिकटवताना पुढे-मागे मोकळी जागा जाते, तीही चालत नाही. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी दहा ते दुपारी दोन सर्व्हर रडतो, कारण तेव्हा सगळ्या दुकानांत वाटप चालू असतं. रात्री बघा.

---

घाटाखालचा

कार्डावर सात नावं, पानावर पाच. धान्य पाचांचंच येतंय. उरलेले दोघं कुठे गेले हे कसं शोधायचं?

---

सेतूवाला

पानावरच्या यादीत कोण नाही ते आधी नावानिशी लिहून घ्या. कारणं तीनच असतात.

एक, नाव पुस्तिकेवर हाताने लिहिलं गेलं पण संगणकात चढलंच नाही. लग्न होऊन आलेल्या सुना आणि लहान मुलं यांत जास्त. सुनेसाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, कारण एक आधार एकाच कार्डात बसतो. माहेरी नाव असेपर्यंत सासरी चढत नाही. मुलासाठी जन्मदाखला आणि आधार.

दोन, आधार नंबर चुकीचा जोडलाय किंवा जोडलेलाच नाही.

तीन, ई-केवायसी, म्हणजे ठसा किंवा चेहरा देऊन आधारशी ओळख पटवणं, बाकी आहे, म्हणून नाव थांबवलंय. सध्या याच तक्रारी सर्वांत जास्त.

ई-केवायसी कोणत्याही रास्त भाव दुकानातल्या मशीनवर फुकट होते, आपल्याच दुकानात जायला हवं असं नाही. मुलगा कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथल्या दुकानात करू शकतो. घरी करायची असेल तर "मेरा ई-केवायसी" आणि "आधार फेस आरडी" अशी दोन ॲप लागतात. पहिल्यात राज्य निवडायचं, लोकेशन चालू ठेवायचं, आधार आणि ओटीपी टाकायचा, मग चेहरा दाखवायचा. पापण्यांची उघडझाप करायला सांगतं. मागून उजेड येत असेल तर होत नाही, खिडकीकडे तोंड करून बसा. झालंय की नाही ते त्याच ॲपमध्ये दिसतं, स्थितीपुढे "वाय" आलं की झालं.

---

माळरान

लहान मुलांचं मुद्दाम सांगतो. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे नसतातच, त्यामुळे त्याची ई-केवायसी होऊ शकत नाही आणि त्या कारणाने त्याचं धान्य थांबायला नको. पाच पूर्ण झाली की आधार केंद्रात ठसे द्या, मग ई-केवायसी. पुढे पंधराव्या वर्षी ठसे पुन्हा द्यावे लागतात. दहावीतल्या पोराचा ठसा मशीनवर जुळत नाही त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं, मशीन खराब नसतं.

आणि हे एकदा करून संपत नाही. जुलै २०२५ च्या केंद्रीय सुधारणा आदेशाप्रमाणे ई-केवायसी दर पाच वर्षांनी करायची आहे. त्याच आदेशात आणखी एक कलम आहे ते जास्त महत्त्वाचं: सलग सहा महिने उचल नसेल तर कार्ड तात्पुरतं निष्क्रिय होतं आणि पुढच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष पडताळणी व्हायची असते. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या घरांनी हे लक्षात ठेवा. गावी येता येत नसेल तर जिथे आहात तिथल्या दुकानातून उचल करा, मग निष्क्रिय होण्याचा प्रश्न येत नाही.

---

वऱ्हाडची पोर

बाहेरगावी उचल करण्यात एक मेख आहे, ती कोणी लिहिली नाही. बाकी ही कार्डाची असते, माणसाची नसते.

समजा गावी सासू-सासरे आणि दोन पोरं, नवरा-बायको पुण्यात कामाला. कार्डावर सहा माणसं, ३० किलो. पुण्यात नवऱ्याने ठसा दिला आणि दुकानदाराने सगळे ३० किलो टाकले, तर गावी सासऱ्यांच्या नावे शून्य. मशीन "तुमचा वाटा १० किलो" असं वेगळं काढत नाही. बाहेर उचलताना आधीच सांगा, "दोघांचेच द्या, १० किलो," आणि पावतीवर तेवढेच आहेत का बघा. उरलेले २० गावच्या दुकानात मिळतात.

गावी धान्य शून्य दाखवत असेल आणि घरात कोणी उचललं नसेल, तर आरसी डिटेल्समध्ये उचलीच्या ओळीतला दुकान क्रमांक बघा. तो तुमच्या दुकानाचा नसेल तर घरातल्याच कोणीतरी बाहेर उचललंय. फोन करून विचारा, मग दुकानदारावर चिडा.

परराज्यातही हे चालतं, पण तिथे गहू-तांदळाचं प्रमाण त्या राज्याचं लागू होतं, आणि आपल्या राज्याची स्वतःची जास्तीची वस्तू तिथे मिळत नाही.

---

कांदेनवमी

आणि ते शेतकऱ्यांचे पैसे मिळतात ते कुठे बघायचे? आरसी डिटेल्समध्ये काहीच दिसत नाही.

---

वऱ्हाडची पोर

ते तिथे दिसणार नाहीत ताई. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना आधी धान्य होतं. २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये सुरू झाले, पुढे ते १७० केले. पैसे महिला कुटुंबप्रमुखाच्या बँक खात्यात जातात.

म्हणून बघायचं ते पासबुकात. आले नसतील तर आधी तिचं खातं आधारशी जोडलेलं आहे का आणि सरकारी पैसे त्याच खात्यात येतात का, हे बँकेत विचारा. दोन-तीन खाती असली की पैसे शेवटच्या जोडलेल्या खात्यात जातात आणि बाई जुनं पासबुक छापून बघत बसते. रक्कमही दर महिन्याला नेमाने येत नाही, काही महिन्यांची एकदम पडते. १७० गुणिले माणसं गुणिले महिने असा हिशेब लावून बघा. कार्डात महिला प्रमुख म्हणून नाव नसेल तर आधी ती दुरुस्ती.

---

घाटाखालचा

आजीचे ठसे जुळत नाहीत. शेतात राबून रेघाच उरल्या नाहीत. दुकानदार म्हणतो, माझ्या हातात काही नाही.

---

तराजू

हातात बरंच असतं. आधी हात धुऊन कोरडे करा. फार कोरडे असतील तर तळहात चोळून किंचित ओलसर करा. एकाच बोटाने दहा वेळा करू नका, दहाही बोटं बघा; म्हाताऱ्या माणसांची करंगळी किंवा अनामिका बऱ्याचदा चालते. स्कॅनरची काच पुसा, सकाळपासूनचं पीठ आणि घाम तिच्यावर असतो. नव्या फोरजी मशीनला बुबुळ वाचणारा स्कॅनर आहे, तो वापरा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर बुबुळ कधी जुळतं, कधी नाही.

घरातल्या दुसऱ्या कोणाचाही ठसा चालतो. आजी एकट्याच असतील तर आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी, तोही नसेल तर नॉमिनी, म्हणजे त्यांच्या वतीने धान्य नेणारा माणूस, ठेवता येतो. नॉमिनीसाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करायचा.

---

दप्तरी

आणि दुकानदार एवढं करूनही "नाही" म्हणाला तर त्याला सांगा की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही या कारणावरून पात्र माणसाला धान्य नाकारायचं नाही, अशा केंद्राच्या सूचना ऑक्टोबर २०१७ पासून आहेत. अशा वेळी नोंद घेऊन धान्य द्यायचं असतं. तोंडी भांडण्यापेक्षा "नाकारल्याचं लिहून द्या" एवढं म्हणा. लिहून कोणी देत नाही, धान्य देतात.

तक्रार कुठे? गावात आणि तालुक्यात तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा, वर जिल्हा पुरवठा अधिकारी. पुणे-नागपूरसारख्या शहरांत अन्नधान्य वितरण अधिकारी. मुंबईत शिधावाटप कार्यालय. फोनसाठी १९६७ किंवा १८००-२२-४९५०. बाहेरच्या राज्यात अडलात तर १४४४५.

तक्रारीत "आम्हाला रेशन मिळत नाही" असं मोघम लिहू नका, त्यावर काहीच होत नाही. आरसी नंबर, दुकान क्रमांक, महिना, देय किती, पानावर उचल किती दाखवली, हातात किती मिळालं. एवढे सहा आकडे आणि सोबत स्क्रीनशॉट. मग चौकशी करणाऱ्याला पळवाट राहत नाही. फोनवर तक्रार केली तर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

हक्काचं धान्य मिळालंच नाही तर कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. हे फार कमी जण मागतात, म्हणून कार्यालयातही त्याची सवय नाही. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्या, तिथे न्याय नाही मिळाला तर राज्य अन्न आयोग.

---

सेतूवाला

"तुमची ई-केवायसी बाकी आहे, आज रात्री कार्ड बंद" असे मेसेज फिरतात, सोबत लिंक किंवा ॲपची फाइल. त्यातलं काही उघडू नका. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्या. ई-केवायसीला पैसे लागत नाहीत, बँकेचा तपशील लागत नाही, एटीएम कार्डाचा तर संबंधच नाही. आणि आरसी डिटेल्सचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, त्यात घरातल्या सगळ्यांची नावं असतात.

---

कांदेनवमी

या महिन्याचं राहिलं तर पुढच्या महिन्यात दुप्पट मिळतं का?

---

तराजू

नाही ताई. महिना संपला की उचल बंद. न नेलेलं धान्य माझ्या दुकानात शिल्लक साठा म्हणून दिसतं आणि पुढच्या नियतनात तेवढा माल मला कमी येतो. ते मला विकता येत नाही, तुम्हाला देता येत नाही.

कधी गाडी उशिरा आली किंवा सर्व्हर पडला तर मागच्या महिन्याच्या वाटपाला मुदतवाढ मिळते. तेव्हा मशीनमध्ये दोन महिने वेगवेगळे दिसतात, दोन पावत्या निघतात. २०२५ च्या जूनमध्ये पावसाळ्यापूर्वी जून ते ऑगस्टचं धान्य एकदम दिलं होतं, तेव्हाही प्रत्येक महिन्याचा हिशेब स्वतंत्रच. मुदतवाढ आहे का ते दुकानाच्या फलकावर लिहिलेलं असतं. फलक कोरा असेल तर आरसी डिटेल्समध्ये मागचा महिना टाकून उचल बघून घ्या, आणि महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका. तेव्हा रांगही मोठी असते आणि मशीनही हळू चालतं.